कडूबाईची पडताळणी

एंजेला पाटोळे आमच्या ग्रामपंचायतीत नऊ वर्षं कॉम्प्युटर ऑपरेटर होती. घोडेगावच्या बाजाराला निघालेल्या माणसाला रस्त्यात थांबवून ती त्याचा दाखला हातात द्यायची.

गेल्या वर्षी निराधार पेन्शनवाल्यांची चेहरा पडताळणी आली. मोबाईलसमोर बसून डोळे मिचकावायचे, मग माणूस जिवंत असल्याची नोंद व्हायची. पेन्शनवाल्या म्हाताऱ्या कडूबाईच्या पापण्या लहानपणी भाजून चिकटलेल्या. एंजेला चार वेळा तिच्या घरी गेली. मोबाईल दर वेळी तेच सांगे, डोळे उघडा.

"पोरी, त्याला सांग की, मी आंधळी हाय."

"त्याला कळत नाही, आजी."

तालुक्याला बैठक झाली. फलकावर लिहिलेलं, 'सर्वांची मतं जाणून घेऊ'. एंजेलानं उठून कडूबाईचं सांगितलं. ॲप बनवणाऱ्या कंपनीचा माणूस म्हणाला, अशी सोय करारात नाही. तहसीलदार साहेबांना दुसऱ्या दिवशी जिल्ह्याला शंभर टक्के काम दाखवायचं होतं. आंधळ्यापांगळ्यांपैकी तिथं कुणाला बोलावलेलंच नव्हतं. बाहेर आल्यावर ग्रामसेवक बिभीषण भाऊसाहेब तिला म्हणाले, "'आढळली नाही' असं भर आणि मोकळी हो. तुझी नेमणुकीची ऑर्डर दर अकरा महिन्यांनी निघते, विसरू नको."

नवरा वारलेला, पदरी दोन मुली. तिनं भरलं.

दोन महिने पेन्शन आली नाही, तेव्हा कडूबाई काठी टेकत पंचायतीत आली. "माझं नाव गेलं का गं?"

एंजेलाला खोटं बोलवेना. "आजी, मीच काढलं."

म्हातारी म्हणाली, "रोज माझ्या दारावरनं जाती तू. मग मी आढळले न्हाई म्हंजी?"

दुसऱ्या दिवशी एंजेलानं तिला एसटीनं तालुक्याला नेऊन साहेबांपुढं बसवलं. नाव पुन्हा चढवायचा अर्ज दिला आणि लेखी दिलं, की तोंडी आदेशावरून खोटी नोंद मी केली. साहेबांनी कागद वाचला, कडूबाईकडे पाहिलंही नाही. "तुमच्या लॉगिनवरून झालंय, मॅडम. जबाबदारी तुमची."

एंजेलाची ऑर्डर पुढं निघाली नाही. असा काही आदेश दिल्याचं भाऊसाहेबांना आठवेना. शेजारची साळूबाई भाकरी घालायची, त्यावर कडूबाईनं चार महिने काढले. भर उन्हाळ्यात ती गेली. नाव पुन्हा चढल्याचा मेसेज तीन आठवड्यांनी आला, एंजेलाच्या मोबाईलवर, कारण अर्जावर नंबर तिचाच होता. तिनं तो साळूबाईला वाचून दाखवला. साळूबाई "बरं" म्हणाली आणि आत निघून गेली.

एंजेला आता एका दवाखान्यात केसपेपर काढते. गावात फारशी येत नाही.