कुंकवाचा ठिपका

खंडेनवमीला झेंडूचा वास आला की नाशिकरोडचं ते कॉम्प्युटरचं दुकान आठवतं. ऑफिसच्या एकाच सर्व्हरवर चार सर्व्हर चालवणारं सॉफ्टवेअर टाकायचं होतं, म्हणून दसऱ्याला मी तिथून स्वस्तातली, घरगुती वापराची हार्डडिस्क आणली. सॉफ्टवेअरला ती दिसेचना. काढून पाहिली तर कडेला कुंकवाचा ठिपका! म्हणजे कुणाचीतरी वापरलेली माझ्या गळ्यात मारली. तणतणत दुकानात गेलो. "अहो सर, खंडेनवमीला सगळ्या मालाची पूजा केली," दुकानदार म्हणाला. "थापा मारू नका," मी म्हटलं. त्याने डिस्क आपल्या साध्या कॉम्प्युटरला जोडली आणि ती आजवर किती चालली ते दाखवलं. एक तास, तोही माझ्याकडचा. "तुमच्या सॉफ्टवेअरलाच घरगुती माल चालत नाही." आता माझंही दुकान आहे. खंडेनवमीला कुंकू मी खोक्यांना लावतो, डिस्कला नाही. न जाणो, माझ्यासारखं गिऱ्हाईक यायचं.