मी वहीत नवऱ्याचं नाव घातलं

आमच्या गावाच्या वर बरडी आहे. सातपुड्याच्या पायथ्याचा खडकाळ माळ, दुसरं काही नाही. तिच्यावर गवत राहिलं तर खालच्या विहिरीला उन्हाळाभर पाणी राहतं. गवत गेलं की फाल्गुनातच पाणी तळाला जातं. हे मला कोणी शिकवलं नाही. पाणी मीच ओढत होते.

नव्वद सालाच्या अलीकडेपलीकडे धुळ्याहून एक मास्तरीणबाई यायला लागल्या. चोपडा-शिरपूरकडच्या पाच गावांतल्या बाया धरून त्यांनी ठरवलं, आपापल्या बरडीवर चराईबंदी करायची, झाड तोडायचं नाही, नवी रोपं लावायची. पण पाच गावांच्या बाया भेटणार कशा? दोन एस.टी. बदलाव्या लागत आणि घरून कोण सोडतंय. म्हणून एक वही काढली, जाड पुठ्ठ्याची. कंडक्टरच्या हाती द्यायची. पुढच्या गावच्या बाया फाट्यावर उतरवून घेणार, वाचणार, आपलं लिहिणार आणि पुढं लावणार. आमच्याकडे फिरून यायला कधी पंधरा दिवस, कधी महिना. त्या बायांची तोंडं मी पाहिली नव्हती, पण त्यांच्या विहिरीत किती पाणी ते मला ठाऊक असायचं. कोणाची रोपं जगली, कोणत्या सरपंचानं आयमाय काढली, सगळं.

वहीचा नियम एकच. बंदी मोडली त्याचं नाव लिहायचं, बापाच्या नावासकट. आणि आधी जिनं पाहिलं तिनं ते सगळ्यांसमोर तोंडानं बोलायचं, म्हणजे मागून कोणी खोटं घालणार नाही. ते नाव पाच गावांत वाचलं जायचं. पुरुष दुसऱ्या कशालाच घाबरत नव्हते, त्या वाचण्याला घाबरत होते. दोन वर्षं बरडी राखली गेली ती त्याच्यामुळं.

आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. सासऱ्याचं तर नाहीच. म्हणून जिचा नवरा सापडला तिच्या बदली दुसरी बाई बोलायची. मास्तरीणबाईंना वाटलं, भागलं. दुसरी बाई गप्प बसली तर काय, हे काही त्यांनी वहीत लिहून दिलं नाही.

तिसऱ्या वर्षी चैत्रात, भर दुपारी मी नि माझ्या दोन जावा सरपणाला गेलो. बरडीवर अकरा बकऱ्या. आमच्याच. आमचे हे दगडावर बसून बिडी ओढत होते.

म्हटलं, "बकऱ्या खाले आना."

"बरडी काय तुन्हा बापनी शे का?"

जावा खाली बघून मोळी बांधत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत वही आली. अंगणवाडीच्या बाई चोपड्याच्या, त्या वाचायच्या-लिहायच्या. मी दुसरीपर्यंत, अक्षर लावत लावत वाचते. त्यांनी विचारलं, "कोणाला काही सांगायचंय?" मी जावांची वाट पाहिली. मोठी जोडवं फिरवत बसली. धाकटी म्हणाली, "आम्हले तं काही दिसनं नई."

मग मीच बोलले. "काल बरडीवर बकऱ्या व्हत्यात. आमना घरन्या."

"'आमच्या घरच्या' लिहून पाच गावांत कोणाला कळणार, अक्का? तुमच्या घरात चार भाऊ."

एक म्हातारी म्हणाली, "लिहू नका बाई. घरनं घरमा ऱ्हाऊ द्या."

मागून कोणीतरी बोललं, "उखाणामा घाल वं, मंग चालस." सगळ्या हसल्या.

मी हसले नाही. माझ्यासमोर जी बसली होती, तिच्या नवऱ्याचं नाव आदल्या वर्षी मी ह्याच तोंडानं बोलले होते. ती माझ्याकडे टक लावून बघत होती. आज मी गिळलं तर उद्या सगळ्या गावची गुरं वर जाणार, आणि कोणाला बोलायला मला तोंड राहणार नाही. मी नाव बोलले. मग सासऱ्याचं बोलले. मग आडनाव. अंगणवाडीच्या बाईंनी लिहिलं, खाली बोलणारी म्हणून माझं नाव. हसणं बंद झालं.

बकऱ्यांचं कोणी काढलंच नाही. काढलं ते माझ्या तोंडाचं. सासूनं माझ्या हातचं पाणी टाकलं. आमच्या ह्यांनी मारलं नाही, ताट उचलून भावाकडे जेवायला लागले. श्रावणात घरी कानबाई देवी बसली, तर जावांनी मला तिच्या नैवेद्याच्या रोटाच्या दळणाला हात लावू दिला नाही. मोठी म्हणाली, "तू तिकडे वही वाच."

पण त्याच्या आधीच, महिन्यानं वही परत आली. तीन गावांनी लिहिलं, आम्ही ते पान वाचलं नाही, अशी बाई वहीत नको. ज्यांच्या पाण्याची मी काळजी केली, त्याच बाया. चौथ्या गावानं नुसतं रोपांचं लिहिलं.

मास्तरीणबाई धुळ्याहून धावत आल्या. मला म्हणाल्या, "अक्का, एवढं पान काढून टाकू. एकी टिकली पाहिजे."

म्हटलं, "एकी तुम्ही ठेवा. बकऱ्यांना काय सांगू?"

त्यांनी वही उघडली. शिकलेली बाई, पट्टी लावून पान नीट फाडलं. घडी करून पर्समध्ये घातलं.

पान नाही म्हणजे बंदी कोणी मोडलीच नाही. दुसऱ्या दिवशी पहिली गुरं वर गेली ती माझ्याकडे टक लावून बघणारीची. पाऊस लागायच्या आत बरडी खरवडून निघाली, लावलेली रोपंही गेली. वर्षभरात वही यायची थांबली.

आमचे हे त्याच्यानंतर पुष्कळ वर्षं जगले, शेवटपर्यंत बकऱ्या राखल्या. गेले तेव्हा मोठी जाऊ म्हणाली, "तूच त्यासनं नाव लिधं व्हतं." मी म्हटलं, हो, घेतलं.

बरडी गेल्यावर विहीर आटली, तेव्हापासून दीड कोसावरच्या मळ्यातून पाणी आणावं लागलं. जावा पुढं, मी मागं. हंडा डोक्यावर चढवायला दुसरीचा हात लागतो. मला कोणी दिला नाही. मळ्यातल्या विहिरीच्या कठड्यावर हंडा ठेवायचा, खाली गुडघा टेकायचा, चुंबळ सरळ करायची आणि मान घालून एकटीनं उठायचं. तीन उन्हाळे तसंच आणलं. चौथ्या उन्हाळ्यात धाकटी हात द्यायला थांबायला लागली. मी म्हटलं, "तू जाय. माले जमस."