चिखलात बसलेली होडी

कुठे मासे भाजल्याचा वास आला की मला पंचाहत्तरच्या सुमाराचा एक शुक्रवार आठवतो. नारपोलीतले आमचे कापडाचे लूम त्या दिवशी संध्याकाळपर्यंत बंद होते. महिनाभर मी डबल ड्युटी करत होतो. माझा जोडीदार गणपत खाडीकाठच्या गावचा. त्याने घरची होडी काढली. खाडीतल्या बेटावर आम्ही गळाने मासे धरले आणि तिथेच भाजून खाल्ले. परत निघायला गेलो, तर ओहोटीने होडी चिखलात बसलेली.

“संध्याकाळची ड्युटी बुडाली ना माझी!” मी चिडलो.

“भरती आल्याबिगर होडी हालायची न्हाय. झोप आता,” गणपत म्हणाला.

भरती येईपर्यंत मी मेल्यासारखा झोपलो. पुढे कितीतरी वर्षं मी त्याला वेंधळा म्हणून चिडवलं. तो नुसता हसायचा. खाडीवर वाढलेला माणूस ओहोटीची वेळ विसरत नाही, हे तो गेल्यावर माझ्या डोक्यात शिरलं.