इंदूर आणि महू : बसून राहिलेल्यांसाठी

धुळ्याच्या अड्ड्यावरून इंदूरची मोटार सुटली तेव्हा मी इतकी संतापलेली होते की शेजारच्या बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि आपलं गाठोडं मांडीवर घेऊन त्या खिडकीकडे सरकून बसल्या. दिवाळीची सुट्टी होती. शाळेतल्या इतर शिक्षिका नगरला घरी फराळ करत होत्या, आणि मी थोरल्या बहिणीला भेटायला जवळजवळ तीनशे मैलांवर निघाले होते. तिने बोलावलं नव्हतं. उलट तिच्या पत्रात शेवटची ओळ होती, "सुशे, तू येऊ नकोस. फक्त प्रार्थना कर. माझं तारण झालंय असं मला आता वाटत नाही."

अक्का म्हणजे शांताक्का. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते. अक्काने मला वाढवलं, शिकवलं, मग नर्स होऊन ती इंदूरला गेली आणि तीस वर्षं तिथल्याच एका दवाखान्याच्या बाळंतिणींच्या वॉर्डात राहिली. मला प्रार्थना करायला जिने शिकवलं ती बाई आठ महिन्यांपासून प्रभुभोजन (देवळातली भाकर आणि प्याला) घेत नव्हती. आणि हे मला आठ महिन्यांनी कळत होतं!

सेंधव्याला मुंबई इलाखा संपला आणि मध्यभारत लागला. नाक्यावरच्या शिपायाने माझी ट्रंक उघडायला लावली, चकल्यांचा डबा हुंगून पाहिला आणि बंद केला. पुढे दुपारी नर्मदा ओलांडली. पात्र रुंद, पाणी निळसर, काठावर वाळत घातलेली लुगडी. गाडीतल्या सगळ्यांनी हात जोडले. एरवी मी त्या देखाव्यावर पानभर लिहिलं असतं. त्या दिवशी माझ्या डोक्यात एकच प्रश्न होता. आठ महिने तिथली मंडळी काय करत होती?

घाट चढताना इंजिनाचं पाणी उकळलं आणि मानपुरला गाडी तासभर थांबली. आग्रा रोडच्या कडेला ट्रकांची रांग, दोन-तीन हॉटेलं, मोठ्या कढईत शेव तळणारा माणूस. मी एका म्हातारीकडून जाम (आपल्याकडचे पेरू) घेतले. माझा चेहरा बघून तिने विचारलं, "इंदोर जई री हो? कोई बीमार है कईं?"

"हां. बडी बहन."

"कईं बीमारी है?"

ताप नाही, खोकला नाही. शेवटी म्हटलं, "मन की."

म्हातारीने एक जाम जास्तीचा टाकला. "तो पास में बेठजे," ती म्हणाली. म्हणजे, तर मग जवळ बस. मला तो सल्ला त्या वेळी अगदीच बिनकामाचा वाटला. मी भांडायला चालले होते.

इंदूरला पोहोचले तेव्हा गिरण्यांचे भोंगे वाजत होते आणि रस्ता कामगारांनी भरून वाहत होता. टांगेवाला दर दहा पावलांवर "हटो भिया, बाजू भिया" (भिया म्हणजे भाऊ) ओरडत होता. छावणी नावाच्या वस्तीत अक्काच्या दोन खोल्या. दार शेजारच्या कमलवहिनींनी उघडलं. वहिनी मूळच्या होळकर दरबारातल्या दफ्तरदारांच्या घरच्या. दरबार गेला, यजमान आता मध्यभारत सरकारात, आणि हिवाळ्यात सगळं दफ्तर ग्वाल्हेरला जातं म्हणून तेही तिकडे. त्यांनी मला दारातच गाठलं.

"बरं झालं तुम्ही आल्या. सिस्टरबाई तर बिलकुल खातच नाहीत. मी रोज थाली ठेवते नं, तशीच्या तशी वापस. मी म्हटलं, बाई, तुमच्या देवाशी झगडा झाला काय? तर म्हणाल्या, झगडा नाही वहिनी, त्याने मला ओळखच दाखवली नाही. अब बताओ, याच्यावर मी काय बोलणार?"

अक्का खाटेवर बसली होती. खांद्यांची हाडं दिसत होती. मला बघून ती हसली नाही, रागावलीही नाही. "आलीस का," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी पोहे आणले. इकडे पोह्यांवर मूठभर शेव आणि जिरावण (जिऱ्याचा आंबट-तिखट मसाला) घालतात, आणि सोबत चक्क जिलबी. मी खाल्लं; अक्काने बशी गुडघ्यावर धरून ठेवली. मग हळूहळू तिने सांगितलं.

फाल्गुनात तिच्या ख्रिस्ती देवळात बाहेरगावचे एक उपदेशक आले होते. पाच दिवस सभा चालल्या. शेवटच्या दिवशी त्यांनी विचारलं, "या घटकेला मरण आलं तर मी प्रभूकडेच जाईन, अशी ज्यांची पक्की खातरी आहे त्यांनी उभं राहावं." देऊळभर लोक उभे राहिले. अक्का विचार करत बसली.

"मी खोटं कसं बोलू, सुशे? खातरी आहे का, असं मी मनाला विचारत होते. उत्तर येण्याआधी त्यांनी माझ्याकडे बोट केलं. म्हणाले, हे बसलेले पाहा, इतकी वर्षं देवळात येऊनही दाराबाहेरच राहिले."

"आणि तू ते ऐकून घेतलंस?"

"त्याचं काही नाही गं." तिने बशी खाली ठेवली. "वॉर्डात किती बाया माझ्या हातात गेल्या. प्रत्येकीला मी सांगितलं, भिऊ नकोस, तो तुला घ्यायला आलाय. त्या माझ्या शब्दावर गेल्या. आणि मी स्वतःच दाराबाहेरची असेन, तर मी त्यांना काय सांगून पाठवलं?"

मी चपला घातल्या आणि तिच्या देवळाच्या पाळकसाहेबांकडे गेले.

पाळकसाहेब भले गृहस्थ आहेत. बशीत ओतून चहा पीत होते. "मी दोनदा जाऊन आलो, बाई," ते म्हणाले. "त्या बोलत नाहीत."

"त्या दिवशी तुम्ही व्यासपीठावर होता ना? तीस वर्षं तुमच्या मंडळीतल्या निम्म्या मुलांना जिने जगात आणलं तिच्याकडे बोट केलं, तेव्हा तुम्ही काय केलंत?"

"पाहुणे होते ते. पाहुण्याला मध्येच कसं थांबवायचं?"

"पाहुण्याने घरातल्या माणसाच्या कानाखाली मारली तरी?"

त्यांची बशी हातातच राहिली. मला दयामाया नव्हती. ते उपदेशक सध्या महूला आहेत, शनिवारी दुपारी सभा आहे, एवढं मी त्यांच्याकडून काढून घेतलं.

महू इंदूरपासून गाडीने तासाभराचं. चुना फासलेले झाडांचे बुंधे, सरळ रस्ते, बराकी, कुठेतरी चाललेला बँडचा सराव. छावणीच्या टोकाला कौलारू देऊळ होतं. मी मागच्या बाकावर बसले. उपदेशक माझ्या कल्पनेतल्यासारखे मुळीच नव्हते. तिशीतले, सडसडीत, सुरेल गळ्याचे. तासभर ते चांगलं बोलले, आणि मग तोच प्रश्न आला. ज्यांची पक्की खातरी आहे त्यांनी उभं राहावं.

माणसं उठू लागली. माझेही गुडघे सवयीने उचलले गेले. मी आयुष्यभर अशा प्रश्नाला उभी राहत आले आहे. तेवढ्यात मला शेजारची बाई दिसली. पंचविशीची, विटका हिरवा पदर. ती अर्धी उठली, परत बसली, परत उठायला लागली. आजूबाजूला सगळे उभे, आणि ती लाजेने मरायला टेकलेली. मी तिचं मनगट धरलं आणि तिला खाली ओढलं. "बस," मी म्हणाले. "माझ्याजवळ बस. मीही बसते."

आम्ही दोघी बसलो. तिथे बसल्या बसल्या मी प्रथमच स्वतःला तो प्रश्न खरोखर विचारला. खरं सांगते, मलाही चटकन "हो" म्हणता येईना. तेवढ्यात वरून बोट आलंच. "मागे दोन बहिणी अजून अंधारात बसल्या आहेत." ती बाई पदराने तोंड झाकून उठली आणि दारातून निघून गेली.

सभा संपल्यावर मी उपदेशकांना गाठलं. "इंदूरला फाल्गुनात एक म्हातारी नर्स बसून राहिली होती. आठवते?"

त्यांनी खरंच आठवून पाहिलं. "नाही आठवत, ताई. फार गावं होतात."

"तिने आठ महिने धड अन्न घेतलेलं नाही."

"देव तिला जागं करत असेल. औषध कडूच असतं."

"औषध देणारा आधी रोग्याचं नाव विचारतो," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता, लोक थांबून बघत होते. "खातरी ज्याची त्याला देवाने द्यायची. तुम्ही ती डोकी मोजून वसूल करता. माझ्या बहिणीने देवळात खोटं बोलायचं नाकारलं, तिला तुम्ही बाहेरची ठरवलंत. जे सगळे उठले म्हणून उठले, ते आतले! आणि तुम्ही गेल्यावर त्या बसलेल्यांजवळ कोण बसतं?"

"ते स्थानिक पाळकांचं काम," ते म्हणाले आणि सामान आवरू लागले.

मी परत आले आणि सगळं अक्काला सांगितलं. मी काय बोलले ते विशेष रंगवून सांगितलं. मला वाटलं होतं, तिला बरं वाटेल. अक्का भिंतीकडे बघत ऐकत होती. मग एकदम वळली.

"ती बाई कोण होती?"

"कुठली?"

"हिरव्या पदराची. नाव काय तिचं? राहते कुठे?"

"नाही विचारलं. मी उपदेशकांशी बोलत होते ना."

"म्हणजे तू भांडत बसलीस आणि तिला तशीच जाऊ दिलीस?" अक्का उभी राहिली. आठ महिन्यांनी तिच्या आवाजात तो वॉर्डातला कडकपणा आला होता. "रडत गेलेल्या बाईच्या मागे कुणी जायचं असतं, हे तुला मी शिकवलं नाही? अक्कल गहाण टाकलीस की काय?"

पंचेचाळिशी ओलांडलेल्या मला तिने लहानपणी झापायची तसं झापलं. आणि मला, लाज वाटत असतानाही, हायसं वाटलं.

रविवारी सकाळच्या गाडीने आम्ही दोघी महूला गेलो. देवळाच्या रखवालदाराने घर दाखवलं. तिचं नाव सगुणा. मूळची जालन्याकडची, नवरा पलटणीच्या बँडमध्ये. आम्हाला पाहून ती आधी घाबरली. अक्काने काही विचारलं नाही. ती चुलीजवळ पाटावर बसली आणि निवडायला घेतलेली मेथी पुढे ओढून निवडू लागली. अर्धी जुडी झाल्यावर सगुणा आपणहून बोलली.

"माझं बाळ पावसाळ्यात गेलं. अकरा दिवसांचं होतं. तेव्हा मी देवाला शिव्या दिल्या, बाई. तोंडाला येतील त्या. माझं कसलं तारण होतंय आता?"

अक्काचे हात थांबले नाहीत.

"मी तीस वर्षं बाळंतिणींजवळ उभी आहे," ती म्हणाली. "कळा आल्या की बाया मला शिव्या देतात. आईवरून, बापावरून. एकीने माझा हात चावला होता, ही बघ खूण. मी एकदा तरी खाट सोडून गेले असेन का? कळा येणारीचं बोलणं कुणी मनावर घेतं का, पोरी? आणि मी तर पगारी नर्स. त्याने तुझ्यासाठी जीव दिलाय. तो खाट सोडून जाईल?"

सगुणा रडू लागली. अक्काने मेथीचे हात पदराला पुसून तिला जवळ घेतलं. "तुझी पकड सुटली तर सुटू दे," ती म्हणाली, "भिऊ नकोस. धरायचं काम त्याचं आहे."

आणि ती थांबली. तिचं स्वतःचं वाक्य तिला ऐकू आलं असावं. तिने माझ्याकडे पाहिलं, मग मान खाली घालून बराच वेळ सगुणाच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. त्या दुपारी सगुणाने मेथीची भाजी आणि भाकरी वाढली. अक्का दोन भाकऱ्या जेवली.

माझ्या सुट्टीतला शेवटचा रविवार इंदूरला प्रभुभोजनाचा होता. तिथे सगळे उठून वेदीपुढे जातात. अक्का माझ्याबरोबर देवळात आली, पण रांग पुढे सरकली तेव्हा ती उठली, दोन पावलं गेली आणि परत येऊन बसली. "नाही होत," ती पुटपुटली. पाळकसाहेबांनी वरून ते पाहिलं. सगळे घेऊन परतल्यावर त्यांनी भाकर आणि प्याला उचलला, पायऱ्या उतरून ते बाकांमधून सरळ आमच्यापर्यंत आले. सगळं देऊळ बघत होतं. अक्का उठू लागली.

"उठू नका, सिस्टर," ते म्हणाले. "बसूनच घ्या."

तिने बसून घेतलं.

मला निरोप द्यायला ती अड्ड्यावर आली. मी विचारलं, "आता खातरी वाटते ना?"

"कुठे गं. परवाही शंका आली होती."

"मग?"

"मग काय. ड्यूटीची वेळ झाली होती, गेले. आता बुधवारी सगुणाकडे जायचंय."

परतीच्या वाटेवर सेंधव्याच्या नाक्याने पुन्हा ट्रंक उघडायला लावली. माझा राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही. राग उपदेशकांचा आहे, पाळकांचा आहे, आणि सर्वांत जास्त माझा स्वतःचा आहे. इतकी वर्षं मी विचार न करता उभी राहत आले, आणि माझ्याच बाकावर कोण बसून राहिलं हे मी कधी वळून पाहिलं नाही. आपल्या नगरच्या देवळातही अशी माणसं आहेत. तुमच्यापैकी कुणी हे वाचत असेल, तर एवढंच सांगते. खातरी नाही म्हणून घरी जाऊ नका. बसून राहा. जो तुम्हाला धरून आहे तो बाकापर्यंत येतो. आणि मी मागून तिसऱ्या बाकावर, खिडकीच्या बाजूला असते. या रविवारी माझ्याजवळ जागा ठेवते.