छापील उत्तर

देवबागच्या आमच्या शाळेचे हेडमास्तर शाळेत मालवणी बोलत नसत. वहीत खाडाखोड दिसली की पान फाडून पुन्हा लिहायला लावत. लहानपणी माझीही पानं त्यांनी फाडली होती.

त्या वर्षी पहिलीत घेण्याआधी मुलांची चाचणी घ्यायचा नियम आला. मी लेकीला घेऊन गेलो, तर हेडमास्तरांशेजारी शिक्षणखात्याचे साहेब बसलेले. नापास झाली तर ती वर्षभर घरी राहणार होती, आणि आमच्याकडे मुलगी एकदा मासे सुकवायला बसली की पुन्हा शाळेकडे फिरकत नसे.

हेडमास्तरांनी चित्र दाखवलं. "हे काय आहे?"

"बांगडो," ती म्हणाली.

साहेबांनी छापील कागदावर बोट ठेवलं. "उत्तर मासा आहे. चूक लिहा."

हेडमास्तरांनी टाक दौतीत बुडवला, सवयीने तीनदा झटकला. मग चित्र डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहिलं.

"बांगडोच आसा, साहेब."

आणि त्यांनी छापील 'मासा' खोडून वर सुबक अक्षरात 'बांगडा' लिहिलं.