कुत्र्याच्या छत्रीची शाई

आमच्या घराण्यातला मी पहिला बी.एस्सी. हे ऐकून लोक पूर्वी कौतुकाने बघत, आता सहानुभूतीने बघतात. मोठ्या दुष्काळाच्या आधीच्या एका पावसाळ्यात मी नेवासा तालुक्यातल्या एका हायस्कुलात विज्ञानाचा तात्पुरता मास्तर होतो. कायम व्हायचं तर तपासणीला येणाऱ्या साहेबांचा चांगला शेरा हवा होता. नाही मिळाला, तर दिवाळीनंतर पुन्हा वडिलांच्या औतामागे, पदवीसकट.

"साहेबांना काहीतरी करून दाखवा," हेडमास्तर म्हणाले. प्रयोगशाळा तशी सुसज्ज होती. एक कपाट, त्यात एक स्पिरिटचा दिवा आणि हेडमास्तरांची छत्री.

कॉलेजात ऐकलं होतं की एका जातीची अळंबी पिकली की विरघळून काळी होते आणि तिची शाई करता येते. शाळेमागच्या उकिरड्यावर हे वैभव भरपूर उगवलं होतं. मी टोपली घेऊन वेचायला बसलो. शाळेचे शिपाईमामा झाडू टेकवून बघत राहिले.

"मास्तर, ह्ये काय चाललंय?"

"अळंबी आहे. हिची शाई करणार."

"अळंबी कशाची! कुत्र्याची छत्री हाय ती. कुत्रं मुतलं का तिथं उगवती."

मी त्यांना बुरशी, बीजाणू, सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"आसंल. पन कुत्रं आधी मुततंच ना?"

मी टोपली उचलून प्रयोगशाळेत गेलो.

दोन दिवसांत छत्र्यांचा काळा चिखल झाला. तो जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळला, दिव्यावर आटवला, बाभळीचा डिंक घातला. वास मारायला लवंगा टाकल्या. मग त्याला लवंगा टाकलेल्या उकिरड्याचा वास यायला लागला.

तपासणीच्या दिवशी ही शाई दौतीत भरून साहेबांपुढे ठेवली. साहेब मात्र खूश झाले. "वा! खेड्यातली शाई!" म्हणत त्यांनी टाक दौतीत बुडवला आणि शेरेबुकात लिहिलं, 'शिक्षक कल्पक व होतकरू. कायम करण्यास हरकत नाही.' खाली झोकदार सही. मग पान उलटायला, सवयीप्रमाणे, शाईचं बोट जिभेला लावलं.

"सायेब, बोट चाटू नगा!" दारातून मामा कळवळून ओरडले. "कुत्र्याच्या मुतावरची छत्री हाय ती!"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी बीजाणूंपासून सुरुवात केली. त्यांनी टाक उचलला आणि शेऱ्यावर नेला.

माझी नोकरी त्या टाकाच्या टोकाला लोंबत होती. तेवढ्यात जन्मभर साहेबांपुढे फक्त "होय साहेब" म्हणालेले हेडमास्तर हळूच बोलले, "साहेब, खाडाखोड केली तर समासात कारण लिहून सही लागते. आपलाच हुकूम आहे."

साहेब समासाकडे बघत राहिले. कारण काय लिहावं, हे सुचेना.

"ल्ह्या की सायेब," मामांनी मदत केली, "कुत्रं..."

"गप्प बसा!" साहेबांनी शेरेबुक मिटलं आणि पाणी मागितलं.

महिन्याभरात कायम केल्याचा कागद आला. वडिलांना वाचता येत नव्हतं. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला, कपाळाला लावला आणि डोळे पुसत म्हणाले, "डिगरीनं केलं रं पोरा."

मी "व्हय" म्हणालो. मामा जवळपास नव्हते, हे नशीब.