अंजनाचं सुतक

किन्हीराजातल्या पुंजाजी मृदंगवाल्याच्या तेरवीला अख्खं गाव जेवायला आलं होतं. त्याची बायको गोजराबाई ओसरीत भिंतीला टेकून बसली होती, आणि लोक तिच्या नवऱ्याचं कौतुक करत होते. गावाची रीतच ती. माणूस जिवंत असताना त्याच्या वांग्यांचा भाव पाडायचा आणि तेरवीच्या पंगतीत त्याला संत करून टाकायचं.

खोटं मात्र कोणी बोलत नव्हतं. पुंजाजी मळ्यात भाजीपाला पिकवून मालेगावच्या बाजारात विकायचा, पण डोक्यावर वांग्यांची पाटी असली तरी मोकळ्या हाताची बोटं मांडीवर ठेका धरायची. पोहरादेवीच्या यात्रेपर्यंत त्याचं नाव गेलं होतं. त्याच्याशेजारी जन्मभर टाळ वाजवणारा उकंडराव हातातला घास तसाच ठेवून बोलायला लागला, "सन अठराची मानमोडी आठवा..."

गोजराबाईला आठवण करून द्यायची गरज नव्हती. मानमोडी म्हणजे त्या वर्षीचा ताप. सकाळी पाणी भरून आलेली बाई दुसऱ्या दिवशी तिरडीवर. लोकांनी दारं लावून घेतली, सख्ख्या भावाला खांदा द्यायला भाऊ बाहेर येईना. तेव्हा पुंजाजी गळ्यात मृदंग अडकवून मेलेल्याच्या दारात उभा राहायचा आणि वाजवत सुटायचा. मृदंग ऐकला की आसपासची दारं किलकिली व्हायची, आणि लाजेकाजेने का होईना, चार माणसं बाहेर पडायची. मृदंगाच्या एका तोंडाला कणीक लावावी लागते. घरात भाकरीची मारामार होती, तरी गोजराने तेवढी मूठभर कणीक कधी कमी पडू दिली नाही.

आणि एका पहाटे तिची लेक अंजना गेली. कालपर्यंत कढत होतं ते अंग मांडीवर गार पडलं. गोजराने हंबरडा फोडायच्या आत पुंजाजीने तिच्या तोंडावर हात दाबला.

"रडू नोको, गोजरे. आवाज बाहीर गेला तं मले सुतक लागते. सुतकात मृदंगाले हात लावता येत नाही. गावात चार मढे पडून हायेत. त्याईले कोन उचलीन?"

"अन् माह्या लेकीले?"

"तिले मी उचलतो."

त्याने पोरीला पाटीत ठेवलं, वर पालेभाजी पांघरली आणि मळ्यात नेऊन पुरलं. परत येऊन अंघोळ केली आणि मृदंग गळ्यात घातला. जाताना म्हणाला, "कोनाले सांगू नोको. लोक म्हनतीन, यानं सुतकातल्या हातानं आमचे मेलेले इटाळले." कोणी विचारलं की अंजना आजोळी गेली, एवढं सांगायचं ठरलं. शिमग्याच्या सुमाराला, साथ सरल्यावर, ती तिकडेच गोवराने गेली असं त्यांनी जाहीर केलं. बायका भेटायला आल्या. गोजराला रडू येईना. तीन महिने कोंडून ठेवलेलं रडू सांगितल्या दिवशी थोडंच येतं? काय दगडाच्या काळजाची बाई आहे, म्हणत बायका परत गेल्या.

पुढे सव्वीस वर्षं पुंजाजीने घरात अंजनाचं नाव काढलं नाही. गोजराबाईला त्याचा फार राग होता. पण त्याच्याइतका मोठा माणूसही तिला दुसरा कोणी वाटत नव्हता.

उकंडरावचं बोलणं चालूच होतं. "सारं गाव रडून राह्यलं होतं, पन पुंजाजीच्या उंबऱ्याले मानमोडी शिवली नाही. देवानंच त्याचं घर राखलं."

हे वाक्य तिने आजवर पन्नासदा गिळलं होतं. बोललं तर नवऱ्याचं नाव जाणार, हे तिला आजही कळत होतं.

"शिवली होती," ती म्हणाली. "माही अंजना मानमोडीतच गेली. गोवर-बिवर काही नव्हतं. त्याईनं तिले मळ्यात पुरलं, अन् मंग तुमच्या बापाच्या तिरडीपुढं वाजवाले आले, उकंडभाऊ."

पंगतीतले हात थांबले.

"म्हंजे सुतकात वाजवलं?" उकंडराव हळूच म्हणाला. "माह्या बापापुढं?"

"हो."

कडेचे दोघे पाणी न पिताच उठले. मग आणखी पाच-सात जण उठले. सव्वीस वर्षांचं नाव दारातून बाहेर जाताना गोजराबाई बघत होती, आणि पुंजाजीसाठी तिचा जीव तुटत होता.

उकंडरावने पत्रावळ पुढे सारली, पण तो उठला नाही.

"केवढी होती वं वयनी, ती?"

इतक्या वर्षांत हे तिला कोणी विचारलं नव्हतं.

"तीन वर्साची," गोजराबाई म्हणाली, आणि तिला असं रडू आलं की पुढे काही बोलताच येईना.